खोगीर का सरकते आणि त्याखाली काय घालावे

घोड्यावर रोज बसणारा माणूस खोगिराखालचा पॅड पुन्हा पुन्हा विकत घेतो, आणि बहुतेक वेळा फारसा विचार न करता घेतो. रंग पाहिला जातो, कडेची गोट पाहिली जाते, आणि अलीकडे वेष्टनावर 'नॉन-स्लिप' छापले आहे की नाही हे पाहिले जाते. पुण्यातल्या रायडिंग क्लबात शिकणारी मुलगी असो, रेसमधून निवृत्त झालेला घोडा पाळणारा हौशी स्वार असो, की माथेरानच्या लाल मातीत पर्यटकांना फिरवणारा घोडेवाला असो, मागणी सगळ्यांची सारखीच असते. खोगीर जागेवर राहावे, घोड्याची पाठ शाबूत राहावी आणि पॅड लवकर फाटू नये. अडचण अशी की या तिन्ही मागण्या एकमेकींशी सहजासहजी जुळत नाहीत. फार घट्ट धरणारा पॅड केस ओढतो, फार मऊ पॅड लवकर दबतो आणि फार दणकट पॅड पावसाळ्यात वाळत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. खोगीर न घसरणे हा पॅडचा गुण म्हणून विकला जातो, पण घसरणीचे कारण बहुधा पॅडमध्ये नसतेच. ते खोगिरात असते, घोड्याच्या पाठीच्या घडणीत असते, स्वाराच्या बसण्यात असते, किंवा घोड्याच्या मागच्या पायात असते. हे शेवटचे कारण सगळ्यांत दुर्लक्षित आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

इंग्लंडमध्ये न्यूमार्केट येथे अॅनिमल हेल्थ ट्रस्ट ही संस्था होती. 2020 मध्ये ती बंद पडली. तिथल्या लिने ग्रेवे आणि सू डायसन या दोन पशुवैद्यांनी 2013 मध्ये खोगीर सरकणे आणि लंगडणे यांच्या संबंधावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 128 घोडे होते. मागच्या पायाने लंगडणाऱ्या 71 घोड्यांपैकी 38 घोड्यांचे, म्हणजे निम्म्याहून अधिकांचे, खोगीर एका बाजूला सरकत होते. पुढच्या पायाने लंगडणाऱ्या 26 घोड्यांत असा एकच आढळला, आणि न लंगडणाऱ्या घोड्यांत एकही नाही. पुढची पायरी अधिक बोलकी आहे. दुखऱ्या पायाला बधिर करणारे इंजेक्शन देऊन लंगडणे तात्पुरते थांबवले, तेव्हा त्या 38 पैकी 37 घोड्यांचे खोगीर सरकणे थांबले. खोगीर तेच, स्वार तोच, पॅड तोच.

यातले बरेचसे लंगडणे इतके सूक्ष्म असते की मालकाच्या नजरेला ते दिसत नाही. मागचा एक पाय कमी जोर लावतो, पाठीचा डोल दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही, आणि प्रत्येक पावलागणिक खोगीर थोडे थोडे एकीकडे ढकलले जाते. ते बहुधा दुखऱ्या पायाच्या बाजूला जाते. अशा घोड्याच्या पाठीवर रबरी पकडीचा पॅड टाकला की खोगीर जागेवर राहते आणि मालक निश्चिंत होतो. पाय मात्र दुखतच राहतो, आणि तो दुखतो आहे हे सांगणारी एकमेव उघड खूण आपणच पैसे देऊन पुसून टाकलेली असते. म्हणून खोगीर सातत्याने एकाच बाजूला जात असेल, तर दुकानात जाण्याआधी पशुवैद्याला बोलवावे, असे मी आग्रहाने सांगेन. दुसऱ्या स्वाराला बसवून पाहावे, दुसरे खोगीर चढवून पाहावे. तरीही ते त्याच बाजूला जात असेल, तर पाय तपासून घ्यावेत.

दोन्ही बाजूंना हेलकावणारे किंवा पुढे मानेकडे चढणारे खोगीर वेगळी गोष्ट सांगते. तिथे पाठीची घडण पाहावी लागते. मानेच्या मुळाशी असलेला हाडाचा उंचवटा, ज्याला क्लबात सगळे विदर्स म्हणतात, तो उंच असेल तर खोगिराला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. डोंगरी तट्टे, भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी घोडे, चाऱ्यावर पोट सुटलेली पोनी यांचा हा उंचवटा बहुधा बसका आणि पाठ पिंपासारखी गोल असते. तिथे खोगिराला धरायला काही नसते. माणूस जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढतो तेव्हा त्याचे सगळे वजन डाव्या बाजूला येते आणि खोगीर फिरते. यावर जुना उपाय आजही चांगला आहे. खोगीर पुढे जात असेल तर शेपटाखालून जाणारी दुमची लावावी, मागे जात असेल तर छातीपट्टा लावावा, आणि चढायला ओटा किंवा दगड वापरावा. थंड हवेच्या ठिकाणच्या घोडेतळांवर चढण्यासाठी एक पक्का ओटा बांधला, तर शेकडो घोड्यांच्या पाठी रोज वाचतील, आणि त्याचा खर्च एखाद्या महागड्या पॅडच्या आसपासच येईल.

तंगाचेही, म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्याचेही, तसेच. तंग चढवताना पुष्कळ घोडे पोट फुगवतात. तंग एकदम आवळू नये. आधी सैल लावावा, घोडा थोडा चालवावा, मग एकेक भोक वर घ्यावे, आणि दहा मिनिटे चाल झाल्यावर पुन्हा पाहावे. पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने पुढे ओढून घेतले की तंगाखाली दुमडलेली कातडी मोकळी होते. नवशिका स्वार खोगीर सरकले म्हणून तंग करकचून आवळतो. त्याने श्वास कोंडतो आणि कोपरामागची कातडी सोलते, सरकणे मात्र थांबत नाही.

एवढे सगळे पाहून झाल्यावर पॅडकडे यावे. पॅडची कामे खरे तर मोजकी आहेत. घाम टिपणे, खोगिराचे चामडे त्या घामापासून वाचवणे, घासणे कमी करणे आणि हलका धक्का सोसणे. न बसणारे खोगीर बसवणे हे त्याचे काम नाही. अरुंद खोगिराखाली जाड पॅड घातला की जागा आणखी अरुंद होते आणि दाब विदर्सच्या दोन्ही बाजूंना एकवटतो. फार रुंद खोगिराखाली जाड पॅड घालून तात्पुरती सोय होते, पण खोगीर पाठीपासून जितके उंच जाईल तितके ते डोलते, म्हणजे आपण घसरणच वाढवतो. खरा उपाय म्हणजे खोगीरच कारागिराकडून नीट करून घेणे, पण असे कारागीर आता सहज मिळत नाहीत. देशात 2012 च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या घरात असलेले घोडे आणि तट्टे 2019 मध्ये सुमारे 3.4 लाखांवर आले. घोडे घटले तशी खोगिराची लोकर उपसून पुन्हा भरून देणाऱ्या कारागिरांची कामेही घटली असावीत. जवळपास असा माणूस असेल, तर पॅडसाठी ठेवलेले पैसे आधी त्याला द्यावेत.

आता कापड आणि भरण यांकडे वळू. घोड्याच्या घामात मीठ भरपूर असते आणि लॅथेरिन नावाचे एक प्रथिनही असते. त्यामुळे घाम केसांवर पसरतो आणि घासला की त्याचा पांढरा फेस होतो. हा घाम वाळला की कापड खरखरीत, कडक होते. तेव्हा पॅड घाम किती पितो यापेक्षा तो रोज किती सहज मोकळा करता येतो, हे अधिक महत्त्वाचे.

सुती कापडाचा, आत पातळ भरण असलेला आणि चौकटी टाके घातलेला पॅड हा रोजच्या वापराचा राजा आहे, असे मी बिनदिक्कत म्हणेन. सूत हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण 8.5 टक्के धरते, लोकर 16 टक्के, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सूत भिजल्यावर जड होते, वाळायला वेळ घेते, पण धुण्याला भीत नाही, केसांना चिकटत नाही आणि स्वस्त असते. निव्वळ पॉलिएस्टरचा चकचकीत पॅड दिसायला सुरेख असतो, पण गुळगुळीत कापडावर खोगीर सरकते आणि खाली घाम साचतो. आत पॉलिएस्टरचे भरण आणि पाठीला लागणारी बाजू सुती, हा मेळ मात्र चांगला चालतो. तो लवकर वाळतो.

लोकरीची गोष्ट निराळी, आणि ती जुनीही आहे. सायबेरियातील अल्ताई पर्वतात पाझिरिक येथे बर्फात गोठलेल्या थडग्यांत जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीची नमद्याची, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीची, खोगीर-आवरणे सापडली. ती आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. घोडदळांनी खोगिराखाली लोकरीची घोंगडी घडी घालून वापरली, कारण मोहिमेत घोडा रोडावला की घडी बदलून खोगीर पुन्हा बसवता येई आणि एक बाजू घामट झाली की दुसरी पाठीकडे घेता येई. लोकर वाफेच्या रूपातला घाम आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. तिचे तंतू एकमेकांत अडकतात, खोगिराच्या चामड्यालाही हलके धरतात, पण कातडीवरचे केस ओढत नाहीत. मला मान्य असलेली खरी न घसरणारी बाजू हीच.

व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये व्यवस्थित बसणाऱ्या खोगिराखाली जेल, चामडे, फोम आणि रेनडियरची केसाळ कातडी असे चार पॅड घालून दाब मोजला. त्यांत दाब ठळकपणे कमी करणारा एकच निघाला, केसाळ कातडीचा. रेनडियर आपल्याकडे नाही, पण मेंढीच्या लोकरीसकट कमावलेले कातडे मिळते आणि तेही केसाळच असते. मात्र ते महाग असते आणि त्याची निगा नाजूक असते. कपडे धुण्याच्या पुष्कळ पावडरींत डाग खाणारी एन्झाइम असतात, आणि त्यांतली काही प्रथिनांवर चालतात. लोकर आणि कातडी हीसुद्धा प्रथिनेच आहेत, त्यामुळे अशा पावडरीने कातडीचा पॅड हळूहळू झिजतो. लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण आणि गार पाणी एवढेच चालते. कृत्रिम फरचा पॅड दिसायला तसाच असतो, पण काही धुण्यांनंतर त्याच्या गुठळ्या होतात, आणि गुठळी म्हणजे पाठीवरचा खडा.

दाबून केलेला नमदा हा मधला मार्ग आहे. राजस्थानात टोंक आणि गुजरातेत कच्छ येथे नमदा करण्याची जुनी परंपरा आहे. विकत घेताना तो शंभर टक्के लोकरीचा आहे का, हे विचारावे, कारण कृत्रिम तंतू मिसळलेला नमदा घाम तितका शोषत नाही आणि अधिक तापतो. आपल्याकडे धनगरांची घोंगडी आहे, आणि दख्खनी मेंढीची ती काळी लोकर वाया जाऊ नये असे मलाही मनापासून वाटते. पण ती राठ आणि टोचणारी असते, शिवाय घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. तिची घडी वापरायचीच असेल तर खळ पूर्ण धुऊन काढावी आणि पाठीला लागणारी बाजू सुती ठेवावी. असा पॅड एखाद्या महाराष्ट्रातल्या कारागिराने नीट बेतून बाजारात आणला, तर मी तो आनंदाने घेईन.

निओप्रीनबद्दल मी सावध आहे. 'नॉन-स्लिप' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात बराच वाटा त्याचाच असतो. ते रबर आहे, पाणबुड्यांचे पोशाख ज्याचे होतात तेच. ते खोगीर धरते यात शंका नाही, पाण्याच्या नळाखाली स्वच्छ होते आणि वर्षानुवर्षे टिकते. पण उष्णता आणि घाम दोन्ही ते आतच कोंडते. विदर्भातल्या मे महिन्यात किंवा मुंबईच्या दमट ऑक्टोबरात तासभर रपेट मारली, की त्याखालची कातडी उबून मऊ होते आणि मऊ कातडी लवकर सोलते. शिवाय ते केसांनाही धरते. खोगीर हलायचा प्रयत्न करते, पॅड हलू देत नाही, आणि मधल्या मध्ये कातडी ताणली जाते. छिद्रांचे, जाळीदार तळाचे निओप्रीन थोडे बरे, एवढेच. जेल जड असते, दाबाखाली बाजूला सरते आणि तापते. रोजच्या वापरात त्याला जागा नाही. दबल्यावर पुन्हा उसळणारा चांगला बंद पेशींचा फोम पातळ थरात चालतो. रेसमध्ये जॉकीच्या इवल्या खोगिराखाली शॅमी कातडे किंवा फोम घालतात, तेव्हा काम मिनिट-दोन मिनिटांचे असते. ती पद्धत तासाभराच्या रपेटीला लावू नये.

तरीही पकडीचा पॅड हवाच असेल, आणि गोल पाठीच्या तट्टासाठी कधी कधी तो हवा असतोच, तर पकड कोणत्या बाजूला आहे हे पाहावे. वरच्या बाजूला, म्हणजे खोगीर आणि पॅड यांच्यामध्ये सिलिकॉनच्या रेघा किंवा ठिपके असावेत. पाठीच्या बाजूला सूत किंवा लोकर असावी. तळाला सिलिकॉन असेल तर ते गळलेले केस आणि धूळ गोळा करते, चार दिवसांत त्याची पकड जाते आणि उरतो तो खरखरीतपणा. धुताना कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये. त्याचा थर सिलिकॉनवर बसून पकड घालवतो आणि सुतावर बसून घाम शोषणे कमी करतो.

आकाराकडे लोक फार कमी पाहतात. पॅड सपाट कापडाचा असेल तर तो विदर्सवर ताणला जातो आणि खोगिराच्या वजनाने मणक्यावर घट्ट बसतो. मधली शिवण पाठीच्या उतार-चढावाप्रमाणे वळलेली असावी, आणि चढवताना पॅड बोटांनी वर उचलून खोगिराच्या मधल्या पन्हळीत घ्यावा, म्हणजे मणक्यावरून हवा खेळती राहते. पॅड थोडा पुढे ठेवून मागे सरकवावा, केस सरळ बसतात. खोगिराच्या कडेपेक्षा पॅड सगळीकडून दोन-तीन बोटे मोठा हवा, नाहीतर त्याची शिवणच दाबाखाली येते. तंगाच्या पट्ट्यांना अडकवायच्या पळ्या रुंद आणि दुहेरी शिवलेल्या असाव्यात, कारण पॅड फाटतो तो पहिल्यांदा तिथेच. कानपूर हे देशातले खोगिरे आणि साजाचे मोठे केंद्र आहे, तिथला माल युरोप-अमेरिकेत जातो, आणि कानपूरच्या सॅडलरीला भौगोलिक मानांकनही आहे. तेव्हा परदेशी नावाचा पॅड चढ्या भावात घेण्यापूर्वी तिथल्या उत्पादकांचा माल हातात घेऊन शिवण तपासावी.

पण टिकाऊपणाचा खरा कस लागतो तो धुण्यात आणि वाळण्यात. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माथेरानची स्थिती फार वेगळी नाही, आणि पुण्यातही जुलै-ऑगस्टमध्ये जाड पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही. ओल्या पॅडखाली उबलेल्या कातडीवर डर्मॅटोफिलस हा जिवाणू वाढतो. केसांचे पुंजके खपलीसकट हातात येतात. नायट्याची बुरशी तर एका पॅडवरून दुसऱ्या घोड्याकडे सहज जाते. क्लबांमध्ये आठ घोड्यांवर पाच पॅड फिरवण्याची पद्धत मी पाहिली आहे आणि ती मला अस्वस्थ करते. एकेका घोड्याला स्वतःचे पॅड असावेत, त्यावर त्याचे नाव शिवलेले असावे. कोरड्या ऋतूत दोन आणि पावसाळ्यात तीन पातळ सुती पॅड हे एका जाड, महागड्या पॅडपेक्षा कितीतरी उपयोगी. रपेट झाली की पॅड घामाची बाजू वर करून दोरीवर टाकावा, वाळल्यावर खराऱ्याने केस झाडावेत, आणि आठवड्यातून एकदा गार पाण्यात थोडक्या साबणाने धुऊन दोनदा खळबळावे. कापडात राहिलेला साबण घामाने पुन्हा जागा होतो आणि कातडी चुरचुरते. फोम आणि रबर उन्हात ठिसूळ होतात, ते सावलीत वाळवावेत. सुताला ऊन चालते.

पॅड बरोबर निवडला की नाही, हे घोड्याची पाठच सांगते. रपेटीनंतर खोगीर काढून पाहावे. सगळीकडे सारखा घाम आणि केस सरळ बसलेले असतील तर ठीक. घामात मधेच एखादा हाताएवढा कोरडा तुकडा असेल, तर तिथे दाब जास्त असण्याची शक्यता आहे. बोटांनी दाबून घोडा पाठ खाली घेतो का ते पाहावे. पुढे त्याच जागी पांढरे केस उगवले तर समजावे की दाबाने केसांची मुळे दुखावली. सूज किंवा जखम असेल तर कोणताही पॅड त्यावर इलाज नाही, घोडा बसायला देऊ नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानुसार जखमी, कामाला अपात्र जनावर कामाला लावणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याखालच्या 1965 च्या नियमांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा 70 किलो आहे. तो नियम ओझ्याच्या जनावरांसाठी आहे, पण लहान तट्टावर भारी स्वार बसवताना तो आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

उंच विदर्सच्या निवृत्त थरोब्रेडला आणि मारवाडी, काठियावाडी घोड्याला मी मधली शिवण वळलेला सुती पॅड आणि शक्य असेल तर त्यावर पातळ लोकरीचा अर्धा पॅड देईन. गोल पाठीच्या तट्टाला पातळ सुती पॅड, वरच्या बाजूला पकड, आणि सोबत दुमची. रोज बरेच तास काम करणाऱ्या घोड्याला शुद्ध लोकरीचा नमदा, तोही दोन, म्हणजे एक वाळत असताना दुसरा पाठीवर.

पॅड टाकून कधी द्यावा, तर भरण मुठीत दाबून सोडल्यावर पुन्हा वर येत नसेल, आत गुठळ्या लागत असतील, कडेची गोट कडक झाली असेल किंवा सिलिकॉनचे पापुद्रे निघत असतील तेव्हा. क्लब आणि हौशी मालक असे पॅड बऱ्याचदा डोंगरावरच्या घोडेवाल्यांना देऊन टाकतात, चांगल्या भावनेने. पण मेलेला पॅड त्या तट्टाच्या पाठीवर दिवसभर राहतो, आणि दिवसभरात त्यावर अनेक अनोळखी स्वार बसतात. द्यायचेच असेल तर दोन नवे, पातळ, धुण्यासारखे सुती पॅड द्यावेत, आणि जुन्याच्या पट्ट्या कापून पागेत पुसायला ठेवाव्यात.